औषधाची कुपी

इंजेक्शन देण्याआधी परिचारिका काचेच्या बारक्या नळीची मान टचकन मोडते आणि औषध सिरिंजमध्ये ओढून घेते. ती नळी म्हणजे अँप्यूल, आपल्या मराठीत कुपी.

अँप्यूल हा शब्द लॅटिन ‘अँपुला’वरून फ्रेंचमार्गे आला. रोमन लोक तेल-अत्तर ठेवत त्या गोल पोटाच्या, अरुंद मानेच्या लहान बाटलीला अँपुला म्हणत. १८८६ मध्ये फ्रेंच औषधनिर्माते स्तानिस्लास लिमुझँ यांनी इंजेक्शनचे निर्जंतुक द्रावण काचेत बंद केले आणि जुन्या नावाला नवे काम मिळाले.

कुपी आली संस्कृत ‘कूपी’वरून. कूप म्हणजे विहीर; कूपी म्हणजे लहान विहीर आणि बाटलीसुद्धा. आयुर्वेदात तर ‘कूपीपक्व’ रसायनांचा वेगळा वर्गच आहे. काचेच्या कुपीवर मातीने माखलेल्या कापडाचे सात थर चढवतात, ते वाळवतात आणि कुपी वाळूत पुरून तापवतात. मकरध्वज हे रसायन असेच तयार होते.

इंजेक्शनच्या औषधाची रबरी बुचाची बाटली असते ती व्हायल. काही व्हायलींमधून औषध पुन्हा काढता येते. अँप्यूल मात्र एकदा फोडली की औषध लगेच वापरायचे. उरलेले जपून ठेवायचे नाही.