एल्डरच्या फळांचा आटीव रस

एल्डर हे युरोपातील झुडूप. त्याची काळीजांभळी फळे मिरीहून थोडी मोठी. ऑस्ट्रियातील स्टायरिया प्रांतात त्यांच्या बागा आहेत. पूरक आहाराच्या पाकांत व गोळ्यांत या फळांचा आटवलेला रस घालतात. परंतु तो आटवणे वाटते तितके सोपे नाही.

कच्ची फळे, पाने व देठ यांत विषारी द्रव्य असते. १९८३ साली कॅलिफोर्नियात रानटी एल्डरची फळे पानाफांद्यांसह चिरडून काढलेला रस प्यायल्याने आठ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. म्हणून देठ वेगळे काढून रस तापवावाच लागतो. मात्र आच लांबली, की ज्या जांभळ्या रंगद्रव्यासाठी या फळाला मागणी, तेच नासते.

यावर तोड निर्वात पात्राची. रस थोडा वेळ तापवून व गाळून या पात्रात सोडतात. तेथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी १०० अंशांच्या पुष्कळ खाली उकळते. साखर इत्यादी विरघळलेल्या घटकांचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांवरून ६५ पर्यंत चढते. पाच किलो रसाचा जेमतेम किलोभर अर्क उरतो.

विष घालवण्यास आच हवी, गुण राखण्यास ती आवरावयास हवी; या कामातील सारे कौशल्य त्या मर्यादेत आहे.