कोको, दूध आणि रवी

चॉकलेट म्हटले की चंदेरी कागदात गुंडाळलेली वडी डोळ्यांपुढे उभी राहते. वास्तविक चॉकलेटच्या दीर्घ आयुष्यातील बहुतेक सगळी शतके तो खाण्याचा नव्हे, तर पिण्याचा पदार्थ होता. दाताने तोडून खाण्याजोगी वडी इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी फ्राय यांच्या कारखान्यात १८४७ साली निघाली. त्यापूर्वी दोन हजारांहून अधिक वर्षे मध्य अमेरिकेतील लोक कोकोच्या बिया भाजून, वाटून, पाण्यात घुसळून पीत आले होते. घरी केलेले कढत चॉकलेट उपाहारगृहातल्यासारखे दाट आणि मऊ का उतरत नाही, ते पाणचट का लागते, तळाशी गाळ का साचतो, ही आज अनेक गृहिणींची तक्रार असते. हिचे उत्तर पाककृतीच्या पुस्तकापेक्षा या जुन्या पेल्यातच अधिक सापडते.

कोकोचे झाड मूळचे अमेरिकेतले. त्याची फळे फणसासारखी थेट खोडावर धरतात, हे श्रोत्यांपैकी कोकणपट्टीतील मंडळींना ऐकून मौज वाटेल. आज केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तामिळनाडू येथील नारळी-पोफळीच्या बागांतून हे झाड आंतरपीक म्हणून लावलेले दिसते. फळ फोडले की आत आंबटगोड पांढऱ्या गरात गुरफटलेल्या तीस-चाळीस बिया मिळतात. त्या तशाच चाखल्या तर कडू आणि तुरट लागतात. चॉकलेटचा मागमूसही त्यांत नसतो. गरासह त्यांचा ढीग घालून पाच-सहा दिवस आंबवावे, उन्हात वाळवावे आणि मग भाजावे, तेव्हा कोठे तो ओळखीचा सुगंध जन्म घेतो. भाजलेली बी वाटली की तिचे पीठ होत नाही, लगदा होतो. कारण बीच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग स्निग्ध असतो आणि हे स्निग्ध माणसाच्या अंगाच्या उष्णतेनेही वितळते. वडी जिभेवर ठेवताच विरघळते ती याच गुणामुळे.

मेक्सिकोत ही वाटण्याची क्रिया ‘मेटाटे’ नावाच्या दगडावर होत असे. तीन पायांचा, पुढे उतरता असा हा पाटा; त्यावर दोन्ही हातांनी धरलेला दगडी वरवंटा. वाटणारी बाई गुडघे टेकून बसे आणि लगदा पातळ व्हावा म्हणून दगडाखाली निखारे ठेवी. दक्षिण मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात आजही घरचे चॉकलेट करण्याची रीत आहे; फरक एवढाच की आता बहुतेक जणी भाजलेल्या बिया, साखर, दालचिनी आणि बदाम घेऊन गावातल्या चक्कीवर जातात आणि तयार लगदा घरी आणून त्याच्या वड्या थापतात. या वड्या खाण्यासाठी नसतात. त्या कढत पाण्यात किंवा दुधात विरघळवून, भरपूर फेस येईपर्यंत घुसळायच्या आणि अंडे घातलेल्या मऊ पावाबरोबर वाडग्यातून प्यायच्या. तेथील दालचिनीही पसंतीने सिलोनची वापरतात. कोको पश्चिमेकडून पूर्वेकडे आला आणि दालचिनी पूर्वेकडून पश्चिमेकडे गेली. पेल्यात दोघींची गाठ पडली.

फेसाला या पेयात प्रथमपासून मोठा मान. माया आणि आझ्टेक लोक एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून धार धरून फेस काढीत. स्पॅनिश अमलात त्या जागी ‘मोलिनियो’ आला. मोलिनियो म्हणजे लाकडाची दांडी, तिच्या टोकाला कोरीव गड्डा आणि अंगाभोवती सैल कड्या. दांडी दोन तळहातांत धरून गरगर फिरवायची. मराठी घरातल्या कोणत्याही आजीने हे साधन पाहिले तर ती त्याला नाव विचारणार नाही, रवीच म्हणेल. दोघींचा परस्परांशी काही संबंध असल्याचा पुरावा नाही; पण काम एकच, स्निग्ध आणि पाणी यांना जबरदस्तीने एकत्र नांदवायचे.

या पेयाची गोडी लोकांना किती जडली होती याची एक कथा थॉमस गेज या इंग्रज धर्मोपदेशकाने १६४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात नोंदविली आहे. चियापा नावाच्या गावातील स्पॅनिश कुळांच्या स्त्रियांची तक्रार अशी की, त्यांचे पोट नाजूक असल्यामुळे चॉकलेटच्या कढत पेल्यावाचून प्रार्थना संपेपर्यंत त्यांना तग धरवत नाही. म्हणून भर प्रार्थनेत दासी पेले घेऊन येत. बिशपने आधी समजावले, मग बहिष्काराची नोटीस दारावर लावली. बायकांनी ते चर्च सोडले आणि त्या मठांतून प्रार्थनेला जाऊ लागल्या. पुढे बिशप आजारी पडून वारला आणि त्याला चॉकलेटच्या पेल्यातूनच विष दिले गेले अशी वदंता उठली. गेजची लेखणी थोडी तिखट होती हे खरे. तरीही एका पेल्यापायी एवढे रणकंदन माजावे, म्हणजे तो पेला पाणचट नव्हता एवढे नक्की!

मग तो पाणचट झाला कधी? १८२८ साली हॉलंडातील व्हान हाउटेन पितापुत्रांनी कोकोच्या लगद्यातून दाबयंत्राने स्निग्ध पिळून काढण्याची युक्ती शोधली. उरलेली पेंड दळली की कोकोची भुकटी होते. तिच्यावर क्षाराचा संस्कार करून ती पाण्यात लवकर मिसळेल आणि चवीला सौम्य होईल, अशीही त्यांनी सोय केली. या शोधाला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. जुन्या पेयावर तुपासारखा तवंग येई, तो पचायला जड जाई आणि घुसळण्याचे श्रमही पुष्कळ. भुकटीने चॉकलेट स्वस्त झाले, सामान्यांच्या घरी आले. पण बीमधला निम्मा भाग असलेले स्निग्ध भुकटीत शेकडा दहा-बारा, फार तर बावीस एवढेच उरले. पेल्याचा दाटपणा, जिभेवरचा मखमली लेप, ज्याला आपल्याकडे बासुंदीचे ‘अंग’ म्हणतात ते, या पिळण्यात निघून गेले. तेव्हा घरच्या चॉकलेटला अंग आणायचे तर पिळून काढलेले परत घालावे लागते. तेवढे साधले की निम्मे काम झाले.

परत घालण्याचा सोपा मार्ग म्हणजे भुकटीच्या जोडीला खऱ्या काळ्या चॉकलेटची वडी वापरणे. दोन पेल्यांसाठी चारशे मिलिलिटर दूध, साठ ग्रॅम काळे चॉकलेट, एक मोठा चमचा बिनसाखरेचा कोको, दोन लहान चमचे साखर, एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर आणि चिमूटभर मीठ एवढे साहित्य पुरते. वडीवर कोकोचे प्रमाण शेकडा साठ ते सत्तर लिहिलेले असावे. मीठ पाहून कोणी नाक मुरडील. पण शिऱ्यात किंवा पुरणात मिठाचा कण घालणाऱ्या घरांना त्याचे कारण सांगावे लागत नाही. दूध मात्र चांगले हवे. बाजारात ‘फुल क्रीम’ म्हणून मिळणाऱ्या दुधात शेकडा सहा स्निग्ध असते, ‘टोन्ड’ दुधात तीन. म्हशीचे घट्ट दूध ज्या घरात येते त्या घराला युरोपातल्या गृहिणीप्रमाणे वेगळी मलई ओतण्याची गरज पडत नाही. या एका बाबतीत आपले स्वयंपाकघर पॅरिसच्या पुढे आहे, असे म्हणायला हरकत नाही.

चूक बहुधा पहिल्या पायरीवरच होते. उकळत्या दुधात कोको भुरभुरला की त्याच्या गोळ्या होतात. कोकोच्या कणांना स्निग्धाचा पातळ लेप असतो, पाणी त्यांना सहजी भिजवत नाही. शिवाय त्यांतील पिष्ट बाहेरून फुगून आतला कोरडा भाग कोंडून टाकते. बेसन थेट उकळत्या ताकात टाकले तर कढीचे जे होते तेच हे. म्हणून कोको, साखर, कॉर्नफ्लोअर आणि मीठ आधी कोरडेच एकत्र करावे. साखरेचे दाणे कोकोच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात. मग त्यात तीन-चार चमचे गार दूध थोडेथोडे घालून गंधासारखे गुळगुळीत कालवावे. हे दोन मिनिटांचे काम आहे; ते टाळून पुढे गाळणीने गोळ्या वेचीत बसण्यात काही शहाणपण नाही.

बाकीचे दूध जाड बुडाच्या भांड्यात दालचिनीच्या तुकड्यासह तापत ठेवावे. कडेला बुडबुडे दिसू लागले की पळीभर कढत दूध कालवलेल्या कोकोत घालून ते सैल करावे आणि मग ते सगळे दुधात ओतावे. मंद आचेवर ढवळत एक उकळी येऊ द्यावी आणि पुढे एक-दोन मिनिटे शिजू द्यावे. उकळीशिवाय कॉर्नफ्लोअरचा कच्चट वास जात नाही आणि दाटपणाही येत नाही. ढवळणे मात्र थांबवू नये. कोको दुधात विरघळत नाही, तरंगत राहतो. हात थांबला की तो बुडाशी बसतो, लागतो, आणि करपलेल्या कोकोचा वास कितीही साखर घातली तरी लपत नाही.

आता भांडे आचेवरून खाली घ्यावे, दालचिनी काढून टाकावी आणि मिनिटभराने किसलेले चॉकलेट घालावे. वडी कधीही चालू आचेवर घालू नये. तिच्यातले स्निग्ध सुटून वर तेल येण्याची भीती असते. अर्धा मिनिट तसेच राहू दिले की किसाचा गर होतो. मग रवी घ्यावी. यंत्राने हे काम होते, परंतु रवी भांड्याच्या तळापर्यंत पोहोचते आणि हाताला दाटपणा कळतो, हा तिचा लाभ यंत्रात नाही. दीड-दोन मिनिटे जोराने घुसळले की स्निग्धाचे बारीक बारीक थेंब होऊन दुधात पसरतात, दुधातली प्रथिने त्यांना धरून ठेवतात, आणि रंग काळपट तपकिरीवरून उजळ होतो. रंग उजळला म्हणजे काम झाले. चमच्याच्या पाठीवर पातळ थर राहिला की दाटपणा जमला असे समजावे. वरच्या फेसामुळे साय धरत नाही, हाही एक गुण. साय एरवी आपल्याकडे कौतुकाची, बशीत काढून मुलाला देण्याची. चॉकलेटच्या पेल्यावर मात्र ती ओठांना चिकटते आणि गोडी घालवते.

इटलीतला पेला याहून घट्ट, जवळजवळ चमच्याने खाण्याचा असतो. स्पेनमध्येही तो घट्ट करून त्यात तळलेले ‘चुरो’ बुडवून खातात. तसा हवा असेल तर कॉर्नफ्लोअर दुप्पट करावे. पण त्याच्यावर फार विसंबू नये. पिठाने आलेला दाटपणा आणि कोकोच्या स्निग्धाने आलेला दाटपणा यांत खिरीइतका आणि बासुंदीइतका फरक असतो.

येथे बाजारातल्या डब्यांविषयी दोन शब्द बोलणे अवश्य आहे. ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ डब्यांत साखरच अधिक असते. घटकद्रव्ये वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम आहे. यादीत साखर पहिली आली तर पैसे कशाचे दिले हे उघड होते. वडी घेतानाही ‘कंपाउंड’ हा शब्द पाहावा. तिच्यात कोकोचे स्निग्ध नसून दुसरे वनस्पतिजन्य स्निग्ध असते. तिचे पेय जिभेवर मेणासारखे रेंगाळते. ही काळजी अलीकडे अधिकच घ्यावी लागते. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तेथे प्रतिकूल हवामान आणि झाडांवरील रोग यांमुळे पिके बुडाली आणि २०२२ साली टनास अडीच हजार डॉलरच्या आसपास असलेला भाव २०२४ च्या डिसेंबरात बारा हजारांवर गेला. पुढे तो उतरला. पण भाव चढले की वडीतला कोको कमी करण्याचा मोह कारखानदारास होतो, आणि ते वेष्टणाच्या रंगावरून कधीच कळत नाही. मुलाच्या पेल्यात काय जाते हे बारीक अक्षरांतच वाचावे लागते. त्या दोन देशांतील लहान शेतकऱ्यांच्या मळ्यांवर पुष्कळ मुले अजूनही कोयत्याने फळे फोडण्याचे काम करतात, हीही या पेल्यामागची एक गोष्ट आहे.

शेवटी एक जुनी युक्ती. ब्रिया-सावारँ या फ्रेंच खाद्यरसिकाने १८२५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ती एका मठाच्या प्रमुख साध्वीकडून ऐकल्याचे सांगितले आहे: चॉकलेट आदल्या रात्री चिनी मातीच्या भांड्यात करून ठेवावे, रात्रभर मुरू द्यावे, सकाळी गरम करून प्यावे, त्याने त्याला मखमलीची मऊ येते. लोणचे मुरविणाऱ्यांना ही गोष्ट पटायला वेळ लागू नये. रात्रभरात कोकोचे कण पुरते भिजतात, फुगतात आणि दातांखाली येणारा रवाळपणा जातो. आपल्या हवेत मात्र भांडे निवल्यावर झाकून शीतकपाटात ठेवावे, सकाळी मंद आचेवर ढवळत वाफ येईपर्यंतच तापवावे आणि पुन्हा रवी फिरवावी. आणि सकाळी ते गार असतानाच कोणी मुलाने चमचा घालून निम्मे संपविलेले आढळले, तर सुरतेत लोक दाट कोको थंडच पितात एवढे लक्षात घेऊन उरलेले दोन पेल्यांत वाटून द्यावे.