राजगडाहून रायगडास पायी

राजगड, तोरणा आणि रायगड ही तीन नावे मराठी घरातील लहान मुलासही पाठ असतात. तिन्ही गडांच्या पायथ्याशी आज मोटार जाते, आणि रायगडावर तर तारेवरच्या पाळण्यात बसून घामाचा थेंबही न गाळता चढता येते. असे असूनही पावसाळा सरला, दिवाळीचे दिवे मालवले, की पुण्यामुंबईची कितीतरी तरुण मंडळी पाठीवर पिशवी टाकून हा प्रवास मुद्दाम पायी करावयास निघतात. घरची वडील माणसे अशा वेळी 'एवढी यातायात कशासाठी?' म्हणून विचारतात, किंवा नुसतीच काळजीने गप्प बसतात. विचारणाऱ्याच्या आणि गप्प बसणाऱ्याच्या मनातील प्रश्न एकच असतो : या चालण्यात हाती काय लागते, आणि हातचे काय जाऊ शकते? श्रोत्यांपुढे आज मांडावयाचा विषय हाच आहे.

वाट साधारण अशी. गुंजवणे गावाकडून अथवा पाली दरवाजाने राजगड चढावयाचा. संजीवनी माचीच्या अंगाने उतरून तोरण्याकडे जाणारी डोंगराची धार धरावयाची. हे दोन्ही गड एकाच धारेने जोडलेले आहेत, ही गोष्ट नकाशावर डोळ्यांना कळते त्याच्या दसपट ती पायांना कळते. बुधला माचीकडून तोरण्यात शिरावयाचे, पुन्हा पश्चिमेस उतरून हारपूड, मोहरी, सिंगापूर या घाटमाथ्यावरच्या लहान लहान वस्त्या गाठावयाच्या. तेथे सह्याद्री एकाएकी संपतो. समोर लिंगाण्याचा सुळका, त्यापलीकडे रायगडाचा माथा आणि पायांखाली सुमारे दोन हजार फूट खोल कोकण! सिंगापूरच्या किंवा बोराट्याच्या नाळेने खाली दापोलीस उतरावयाचे (ही रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली नव्हे, ती समजून जो निघेल त्याला बरेच चालावे लागेल) आणि काळ नदीचे खोरे ओलांडून रायगडाची पायरी धरावयाची. सवयीच्या माणसास तीन दिवस लागतात, नवख्यास चार किंवा पाच.

एवढे अंतर चालवेल काय, ही शंका नवख्याच्या मनात प्रथम येते. वास्तविक अंतर हा या वाटेवरचा मोठा शत्रू नव्हे. वारीच्या वाटेवर सत्तरीच्या आजीबाई याहून पुष्कळ अधिक चालतात. खरा शत्रू उतार. चढताना दम लागतो, छाती भरून येते, आणि मनुष्य आपण होऊन थांबतो. शरीरच त्याला आवरते. उतरताना दम लागत नाही, म्हणून कोणी थांबत नाही. परंतु उतरणाऱ्या माणसाच्या मांडीचे स्नायू दर पावलास ताणले जात असता भार पेलीत असतात, आणि त्यांना होणारी सूक्ष्म इजा त्याच दिवशी जाणवत नाही. तिचे दुखणे एक-दोन दिवसांनी ऐन भरास येते. आता या प्रवासाची रचना पाहा. पहिल्या दिवशी राजगड, दुसऱ्या दिवशी तोरणा, आणि सर्वांत कठीण उतार, म्हणजे नाळ, नेमकी तिसऱ्या दिवशी! पहिल्या दिवशी जो गडी मंडळींच्या पुढे धावत उतरला, त्याचेच गुडघे नाळेच्या तोंडाशी थरथरतात. नेता अनुभवी असेल तर तो पहिल्या दिवशी सर्वांची गती मुद्दाम मोडतो, आणि त्याबद्दल तरुणांची बोलणीही खातो.

नाळ म्हणजे दोन कड्यांच्या मधून कोसळत गेलेली, धोंड्यांनी भरलेली कोरड्या ओढ्याची घळ. तिच्यातील धोंडे स्थिर दिसतात, पण असतातच असे नाही. वरच्या माणसाच्या पायाने सुटलेला नारळाएवढा दगड खालच्या माणसापर्यंत पोहोचेतो बंदुकीच्या गोळीचे काम करतो. म्हणून नाळेत एक तर सर्वांनी अगदी लगटून उतरावे, म्हणजे दगडाला वेग येण्यास जागा राहत नाही. नाही तर एकेकाने उतरून आडोशास उभे राहावे व मग दुसऱ्यास हाक द्यावी. मधले अंतर ठेवून गप्पा मारीत उतरणे हा सर्वांत वाईट प्रकार, आणि बहुधा तोच पाहावयास मिळतो. धारेवर आणखी निराळा धोका आहे. घट्ट कातळावर मुरमाचा पातळ थर पसरलेला असतो, त्यास घसारा म्हणतात. त्यावर पाऊल ठेवले की खडे गोट्यांसारखे फिरतात. मार्गशीर्षात वाळून आडवे पडलेले गवतही तितकेच निसरडे. तेथे भारी किमतीचे जोडे असले तरी उपयोग थोडा; हातात काठी, टाच रोवून टाकलेले आखूड पाऊल आणि गप्प तोंड, हीच साधने कामास येतात.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. गडावरची टाकी कार्तिकात काठोकाठ असतात. फाल्गुनात त्यांपैकी पुष्कळांचा तळ दिसतो. उन्हात चढणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला शेराहून अधिक घाम सहज जातो. जाणारा घाम म्हणजे नुसते पाणी नव्हे, त्यात मीठही जाते. तेव्हा दिवसभर नुसते साधे पाणी ढोसत राहणाऱ्याचेही डोके जड होऊन त्यास मळमळू लागते. लिंबू, मीठ आणि साखर यांची पुडी प्रत्येकाच्या खिशात असावी. घाटमाथ्यावरचा वारा अंगावरचा घाम सुकवून शरीर थंड ठेवतो; नाळेत वारा नाही, दोन्ही बाजूंचा काळा कातळ तापलेला, आणि कोकणची हवा दमट, त्यामुळे घाम वाहतो पण सुकत नाही. भर दुपारी नाळेत सापडलेला धडधाकट मनुष्य तेथे उष्माघाताने आडवा होऊ शकतो. त्याचे पहिले लक्षण ताप नव्हे, बोलणे बिघडणे हे होय. सोबती विसंगत बोलू लागला, चिडू लागला किंवा अडखळू लागला, तर त्याची थट्टा न करता त्यास तत्काळ सावलीत निजवावे, कपडे सैल करून सर्वांगावर पाणी शिंपडावे आणि वारा घालावा. पिण्यासाठी राखलेले पाणी त्या वेळी अंगावर ओतावे लागले तरी मागेपुढे पाहू नये. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात मात्र ते घालू नये.

सापाचे भय घरी फार असते, वाटेवर तितके नसते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार जाती विषारी म्हणून विशेष प्रसिद्ध. पैकी फुरसे कातळावर व दगडांखाली असावयाचे, म्हणून न पाहता कपारीत हात घालू नये. दंश झालाच तर चिरणे, चोखणे, करकचून बांधणे हे सारे प्रकार अपायकारक आहेत; तो अवयव न हलविता रोग्यास लस असलेल्या रुग्णालयात पोहोचविणे एवढेच करावयाचे. सापापेक्षा आग्या माशी अधिक भयंकर. कड्याच्या ओठाखाली तिची काळी पोळी लोंबत असतात. खाली पेटविलेल्या चुलीचा धूर, अत्तराचा उग्र वास, किंवा उगाच मारलेला दगड एवढ्याने ती खवळते, आणि तिच्या दंशाबरोबर सुटणारा वास इतर माश्यांना त्याच जागी बोलावून आणतो. हात उडवून त्यांना मारू पाहणे म्हणजे आमंत्रण देणे. तोंड झाकून पळावे. मात्र कड्याच्या बाजूस नव्हे.

या सर्वांत न बोलली जाणारी एक गोष्ट आहे. नाळेत पाय मोडलेल्या माणसास कोण बाहेर काढते? तेथे रुग्णवाहिका येत नाही. प्रथम येतात ते मोहरी-सिंगापूरचे अथवा खालच्या वाडीचे गावकरी, बॅटरी आणि दोर घेऊन, पुष्कळदा रात्री, दिवसभर शेतात राबल्यानंतर. मागाहून लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र यांसारख्या संस्थांचे स्वयंसेवक आपापली कामे टाकून धावतात. जखमी माणूस खांद्यावर वाहून न्यावा लागतो, आणि वाहणारे त्याच सुट्या दगडांवरून चालत असतात. 'जीव माझा आहे, धोका मी पत्करतो' असे म्हणणारा तरुण म्हणूनच अर्धेच खरे बोलतो.

मग एवढ्या जोखमीच्या मोबदल्यात मिळते काय? शरीर कणखर होते, भूक लागते, झोप येते हे तर खरेच; पण तेवढ्यासाठी पर्वती पुरे आहे. लांबच्या वाटेचे देणे निराळे. कड्यावर काळ्या थरांच्या मध्ये तांबडा पट्टा दिसतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला एक लाव्हा थंडावला, त्याच्या पृष्ठाची झीज होऊन माती झाली, आणि मग त्यावर दुसरा लाव्हा आला, त्या मधल्या काळाची ती खूण. असे थर एकामागून एक दोन हजार फूट उतरत गेल्यावर पुस्तकातला आकडा पोटऱ्यांना कळू लागतो. मोहरीच्या पठारावर पडलेल्या पावसाचे पूर्वेकडे वळलेले पाणी भीमा-कृष्णेच्या वाटेने सारे द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागरास मिळते. पश्चिमेकडे घसरलेले काळ नदीतून सावित्रीत जाऊन बाणकोटाशी अरबी समुद्रास. पठाराच्या कडेला उभ्या माणसाच्या दोन पावलांत हे अंतर असते.

आणि इतिहास. 1666 मध्ये आग्र्याहून निसटून महाराज राजगडास परत आले. 1674 मध्ये राज्याभिषेक झाला तो रायगडावर. मधल्या वर्षांत राजधानी एका गडावरून दुसऱ्या गडावर गेली, हे वाक्य शाळेत सर्वांनी घोकलेले असते. परंतु राजगडावरून पुण्याच्या बाजूचे मोकळे मावळ पाहून, तीन दिवस धारा, खिंडी व नाळ ओलांडून, शेवटी काळ आणि गांधारी यांच्या खोऱ्यांनी वेढलेला रायगड जो खालून पाहतो, त्याला ती जागा का निवडली हे कोणी सांगावे लागत नाही. शत्रूच्या फौजेला, तिच्या तोफांना आणि बैलांना ही वाट कशी लागली असती, याचा हिशेब त्याच्या स्वतःच्या खांद्यांनी केलेला असतो. पाळण्यातून वर गेलेल्यास हा हिशेब मांडता येत नाही, यात त्याचा दोष काही नाही.

माणसेही भेटतात. हारपूडच्या ओटीवर नाचणीची भाकरी खाताना शहरातल्या पदवीधराच्या ध्यानी येते, की आपल्याला पराक्रम वाटणारी नाळ येथील बायाबापड्या डोक्यावर ओझे घेऊन, पायात साधी चप्पल घालून पिढ्यान्‌पिढ्या उतरत आल्या आहेत. त्यांपैकी एखाद्या जाणत्या गावकऱ्यास योग्य मोबदला देऊन वाटाड्या म्हणून घेणे हा या प्रवासातील सर्वांत शहाणपणाचा खर्च होय. त्यातच काटकसर करणारे लोक पुष्कळ, हे आश्चर्य आहे.

घरच्यांनी 'नको जाऊ' म्हणण्यापेक्षा चार गोष्टी विचारून घ्याव्यात. नाळ सकाळच्या प्रहरी उतरणार की दुपारी? बरोबर ती वाट पूर्वी उतरलेला कोण आहे? सर्वांत हळू चालणाऱ्याच्या मागे कोण राहणार? आणि एखाद्याचे पाय चालेनासे झाले तर घाटमाथ्यावरूनच मागे फिरण्याची तयारी आहे काय? मुलाने वा मुलीने या प्रश्नांची उत्तरे न अडखळता दिली तर निरोप द्यावा, आणि बरोबरच्या मंडळींची नावे, वाटेचे टप्पे व परतण्याची वेळ एका कागदावर लिहून घ्यावी. मोबाइल नाळेत लागेलच अशी खात्री धरू नये; ठरलेली वेळ टळून किती तास गेले म्हणजे मदतीस कोणाला हाक मारावयाची, तेही त्याच कागदावर असावे.