पहिला आकडा कोण भरणार?



तुमच्यापैकी ज्यांनी डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं, त्यांना लॅबमधलं ८०८५चं किट आठवत असेल. छोटासा कीपॅड आणि सहा लाल आकड्यांचा डिस्प्ले. वहीत बघून एकेक कोड भरायचा: ३ई, ०५, ०६, ०३, ८०, ७६. एवढ्यात पाच अधिक तीन होतात. एकदा मी चाळीसेक कोडचा प्रोग्रॅम भरत आणला होता. शेवटचे दोन-तीन उरले आणि लाइट गेले. लाइट आले तेव्हा किट पहिल्यासारखं सुरू झालं, पण माझं लिखाण साफ पुसलं गेलं होतं. तेव्हा मी नुसता हळहळलो. खरा प्रश्न पडला तो पुढे कितीतरी वर्षांनी: माझं सगळं गेलं, मग कळ दाबली की आकडा दाखवायचा, हे त्या किटच्या लक्षात कसं राहिलं?

ते किटमधल्या एका चिपवर कायमचं लिहिलेलं होतं. पण ती चिपच नसेल तर? असा कॉम्प्युटर होता, आणि तो लोकांनी हौसेनं घरी जोडला. त्याचं नाव अल्टेअर ८८००.

जानेवारी १९७५च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की गावी एड रॉबर्ट्स यांची एम.आय.टी.एस. नावाची कंपनी होती, तिनं तो काढला. सुट्या भागांचा संच ३९७ डॉलरला. आत इंटेलचा ८०८० प्रोसेसर आणि मेमरी फक्त २५६ बाइट. कीबोर्ड नाही, पडदा नाही. पुढच्या पट्टीवर खटक्यांच्या ओळी आणि ३६ छोटे लाल दिवे, एवढंच. वीज दिली की मेमरीत काहीबाही असायचं, अर्थ कशालाच नाही. त्यात पहिला अर्थ माणसाच्या बोटांनी घालायचा.

तो कसा, ते डोळ्यांसमोर आणून बघा. वरच्या ओळीत सोळा खटके. ते तीन-तीनच्या गटांत वाचायचे, म्हणजे प्रत्येक गटाचा शून्य ते सातमधला एक अंक होतो. सगळे खटके खाली करून ‘एक्झॅमिन’ दाबलं की आपण मेमरीतल्या शून्य क्रमांकाच्या घरात पोचतो. आता त्या घरात ०४१ हा आकडा ठेवायचाय. उजवीकडून पहिला आणि सहावा खटका वर, बाकीचे खाली. मग ‘डिपॉझिट’. आकडा दाखवणाऱ्या आठ दिव्यांपैकी नेमके दोन लागतात. पुढचा आकडा खटक्यांवर मांडायचा, ‘डिपॉझिट नेक्स्ट’. पुन्हा मांडायचा, पुन्हा दाबायचं. एक खटका चुकला तर सगळा प्रोग्रॅम फसला, म्हणून शेवटी पहिल्यापासून एकेक घर उघडून दिवे ताडून बघायचे.

यातली ‘एक्झॅमिन’ची युक्ती मला फार आवडते. तो खटका दाबला की पट्टीवरचं सर्किट प्रोसेसरपुढे ३०३ हा आकडा सरकवतं. ३०३ म्हणजे ‘अमुक घरी उडी मार’. कुठल्या घरी, ते तुमच्या खटक्यांवरून. प्रोसेसरला वाटतं, हा हुकूम मेमरीतूनच आला, आणि तो मुकाट्यानं तिथे जातो.

पण बेसिक ही प्रोग्रॅम लिहायची भाषा यंत्रात घालायची तर चार हजार बाइट असे हातानं कोण भरणार? ते कागदी पट्टीवर भोकं पाडून यायचं आणि टेलिटाइप यंत्र सेकंदाला दहा अक्षरं या वेगानं ती पट्टी वाचायचं, म्हणजे जवळजवळ सात मिनिटं. माणसानं हातानं भरायचं ते फक्त ही पट्टी वाचायला शिकवणारं इवलंसं टिपण. यालाच बूट लोडर म्हणतात. बेसिकच्या एका आवृत्तीसाठी ते अवघं वीस आकड्यांचं होतं. त्यात काटकसर किती, बघा: ‘मागे जा’ असं सांगायला उडीचा हुकूम तीन घरं खातो. म्हणून लिहिणाऱ्यानं एका घराचा परतीचा हुकूम वापरला, आणि परतीचा पत्ता टिपणाच्या शेपटाशी, शेवटच्या दोन घरांत ठेवून दिला. खटके खालीवर करून ज्याची बोटं दुखली असतील, त्यालाच वाचलेल्या एकेका घराची किंमत कळेल. १९७५ साली हे बेसिक लिहिणाऱ्यांपैकी एक, पॉल ॲलन, ते घेऊन अल्बुकर्कीला निघाले, आणि असा लोडर लिहायचाच राहिलाय, हे त्यांच्या ध्यानात आलं विमान उतरायच्या बेतात असताना. तो त्यांनी तिथेच, विमानात बसून लिहिला.

आपण रेडिओवर बोलतोय, म्हणून आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे होमब्रू कॉम्प्युटर क्लब या हौशी मंडळींच्या क्लबच्या बैठकीत स्टीव्ह डॉम्पियर यांनी आपला अल्टेअर आणला आणि त्याच्याजवळ एक साधा रेडिओ ठेवला. खटक्यांनी प्रोग्रॅम भरत आणला, तेवढ्यात कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि सगळं पुसलं गेलं. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा भरलं. यंत्र चालू झालं तशी त्यातल्या सर्किटची खरखर रेडिओनं पकडली, आणि त्या खरखरीतून बीटल्सच्या ‘फूल ऑन द हिल’ची चाल ऐकू आली.

पुढच्याच वर्षी, १९७६ साली, ॲपल वन आला. त्यात ‘मॉनिटर’ नावाचा २५६ बाइटचा सुरुवातीचा प्रोग्रॅम चिपमध्येच होता, म्हणून खटक्यांची गरजच उरली नाही. आपलं ८०८५चं किट त्याच वळणाचं.

आज हौशी मंडळी अल्टेअरच्या प्रतिकृती बनवतात, खटके आणि दिवे अगदी तसेच. तुमच्या हाती कधी एखादी लागली तर शून्याच्या घरापासून तीनच आकडे भरा: ३०३, ०००, ०००. म्हणजे ‘शून्याच्या घरी उडी मार’. मग ‘एक्झॅमिन’नं पुन्हा शून्याच्या घरी या आणि ‘सिंगल स्टेप’चा खटका एकेकदा दाबत राहा. पत्त्याचे, म्हणजे घराचा क्रमांक सांगणारे दिवे शून्य, एक, दोन आणि पुन्हा शून्य दाखवतील. दर शून्याला ‘एम-वन’ लिहिलेला दिवा लागेल: प्रोसेसर नवा हुकूम उचलतोय. आता ‘रन’ करा. पत्त्याच्या दिव्यांपैकी उजवीकडचे दोन मंद, अखंड तेवत राहतील.