तळ दिसणारं पाणी

आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. शहरातल्या मोठ्या वसाहतीत असतो ना, निळ्या फरशीचा, वर छप्पर घातलेला पोहायचा तलाव, त्याबद्दल बोलायचंय. "आमचा काय संबंध?" म्हणाल. तर आधी एवढं सांगा, तुमच्या बचत गटातल्या किती जणींना पोहता येतं?

आपल्या जिल्ह्यात पंचगंगा, भोगावती, दूधगंगा, वारणा. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण बघितले. धुणं नदीवर, म्हैस नदीवर. पाण्याशी रोजची गाठ बाईची, आणि पोहायला शिकवलं पोरग्यांना. कमरेला वाळक्या भोपळ्यांची नाहीतर पांगाऱ्याची सांगड बांधायची, ती नसली तर रिकामा डबा, आणि चुलत्यानं द्यायचं विहिरीत ढकलून. थोड्या दिवसांत पोरगं सूर मारायला लागायचं. बहीण काठावर बसून त्याची कापडं सांभाळायची. तिला कुणी "नको" म्हटलं असंही नाही, तिला विचारलंच नाही. आणि उघड्यावर, ओल्या कपड्यांत, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर ती शिकणार तरी कशी होती?

इथं त्या चार भिंती आणि छप्पर कामाला येतात. बायकांची वेगळी वेळ, शिकवायला बाई, कपडे बदलायला खोली, एवढं असलं की पन्नाशीची बाईसुद्धा पाण्यात उतरते. विहिरीत पहिल्याच पावलाला पाय सुटतो. तलावात शिकाऊ बाजूला पाणी तीन-साडेतीन फूट असतं, खोली हळूहळू वाढते आणि किती फूट ते काठावर लिहिलेलं असतं. घाबरलात तर उभं राहायचं, बास!

पाणी पंपानं ओढून वाळूच्या फिल्टरमधून गाळतात, त्यात क्लोरीन घालतात. ते नीट चाललंय का हे ओळखायला शिक्षण लागत नाही. काठावर उभं राहून खाली बघा. सगळ्यात खोल जागी तळाची फरशी स्वच्छ दिसली पाहिजे. दिसत नसेल तर उतरू नका, कारण बुडालेलं माणूसही दिसणार नाही. नाकात उग्र वास भरला, डोळे चुरचुरले, की लोकांना वाटतं औषध जास्त झालं. पुष्कळदा तो वास क्लोरीन आणि अंगाचा घाम, लघवी एकत्र होऊन येतो. छताखाली तो कोंडतो, म्हणून हवा खेळती हवी, आणि उतरण्याआधी अंघोळ करावीच लागते. तेल लावून, गजरा माळून कुणी जाऊ नका. साडीत तर मुळीच उतरू नका, सुती कापड पाणी पितं आणि जड होतं. अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख मिळतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सिंगापूरला टोआ पायो म्हणून सरकारी घरांची मोठी वसाहत आहे. तिथं १९७३ साली लोकांसाठी पोहण्याचे तलाव सुरू झाले. आपल्याकडं वसाहतीतला तलाव बहुधा तिथल्या राहणाऱ्यांपुरताच असतो, हे मला पटत नाही. कोल्हापूर शहरात महापालिकेचे तलाव आहेत, रंकाळ्याजवळ अंबाई टँक आणि रमणमळ्यात राजर्षी शाहू जलतरण तलाव. आपला कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ साली बीजिंग ऑलिंपिकला गेला, २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्यानं कांस्यपदक आणलं. त्याची बायको ऋजुता खाडे, तीही राष्ट्रीय पातळीवरची जलतरणपटू. पण आपल्याला पदकासाठी शिकायचं नाही.

आता शेततळ्याकडं येते. सरकारी योजनेतलं मोठं शेततळं तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल. तीन मीटर म्हणजे दहा फूट. त्यात प्लास्टिकचा कागद. तो ओला झाला की शेवाळ धरतो, उतारावर पाय ठरत नाही, हाताला धरायला काही नाही. पोरगं घसरतं, आई मागोमाग उडी घेते, आणि दोघंही वर येत नाहीत. अशा बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. पोहता येणारी बाईसुद्धा त्या कागदावरून बाहेर येईलच असं नाही. म्हणून शेततळ्याला कुंपण हवं, आणि चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडलेले हवेत. त्यांचं दुसरं टोक खुंटाला घट्ट बांधायचं.

कुणी बुडत असेल तर उडी टाकू नका. आरडाओरडा करा, दोर टाका, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन टाका. काहीच नसेल तर अंगावरची साडी आहे. २०२० साली तमिळनाडूत पेरंबलूर जिल्ह्यातल्या कोट्टराई धरणावर तीन बायकांनी साड्या सोडून, एकीला एक बांधून पाण्यात फेकल्या. बुडणाऱ्या चार पोरांपैकी दोघं वाचली. लाज धरून बसल्या असत्या तर चारही गेली असती. माणूस बाहेर काढलं की उलटं टांगून, पोट दाबून पाणी काढत बसू नका, त्यात वेळ जातो. श्वास नसेल तर तोंडानं श्वास द्या, छाती दाबा, दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. हे करून बघायचं शिक्षण आरोग्य केंद्रात मागून घ्या.

एक सावधगिरी. तलावात शिकलेलं पोहणं नदीच्या ओढीला पुरत नाही. आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्याच्या खाली, पाणी जिथं कोसळतं तिथं, ते माणसाला गोल फिरवून परत आत ओढतं. तिथं कितीही पोहता येत असलं तरी जायचं नाही. पुरात तर नाहीच. पण अचानक पाय घसरला तर घाबरून हातपाय झाडण्याऐवजी उताणं होऊन तरंगता येणं, तोंड पाण्यावर ठेवता येणं, एवढ्यानं मदत येईपर्यंतची मिनिटं मिळतात. एवढं बहुतेक जणी महिन्याभरात शिकतात. फिट येत असेल, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

एकटीनं चौकशी करायला संकोच वाटतो, म्हणून गटानं मिळून करा. एसटीला आपल्याला अर्धं तिकीट आहे. तलावावर फोन करून विचारा: सध्या चालू आहे का, बायकांची वेळ कोणती, शिकवायला बाई आहे का, काठावर जीवरक्षक कायम असतो का, दहा-बारा जणी आलो तर फी किती, आणि मुली बरोबर आणल्या तर चालतील का.