तिकीट ज्याचे त्याच्या हाती

(मंडळाच्या सहल-नियोजन सभेत सहल समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळाचे एकोणीस जण मुंबई पाहून आले. यंदा दिवाळीनंतर पुन्हा निघायचे घाटते आहे. अध्यक्षांनी आम्हा सहल समितीच्या चौघांना सांगितले, की मागच्या वेळी काय जमले आणि काय चुकले ते सगळ्यांसमोर मांडा. काय जमले ते फोटोंत तुम्ही पाहिलेच आहे. तेव्हा आज चुकले त्याबद्दल बोलतो.

विषय दिसायला लहान आहे. तिकिटे आणि पास मोबाइलवर घ्यावेत की कागदाचे? मागच्या वर्षी याच सभागृहात या प्रश्नावर आपण बराच वाद घातला होता. आम्हा चौघांचे मत ठाम होते, सगळे मोबाइलवर. त्या वेळी मागच्या रांगेतून आपल्या एक काकू, चाळीस वर्षे शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, एवढेच म्हणाल्या, "बाबांनो, माझं तिकीट माझ्या हातात द्या." आम्ही हसलो. "काकू, आता कागदाचा जमाना गेला," असे आमच्यापैकी कुणीतरी म्हटलेही. ते हसू पुढे महागात पडले.

आमचा हट्ट अगदीच बिनबुडाचा नव्हता. आपल्याकडे कान्हाचे मुक्की गेट आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या सफारीचे परवाने आपण ऑनलाइनच काढतो. गाड्या मोजक्या, तारीख ठरलेली, पाळी सकाळची की दुपारची तेही ठरलेले. १ ऑक्टोबरला जंगल उघडले की गेटवर जाऊन "बघू मिळाले तर" म्हणणारा माणूस बहुधा परत येतो. त्यामुळे मोबाइलवर आधी काढलेले तिकीट म्हणजे पक्के, अशी आमची समजूत झाली होती. मुक्कीला मूळ ओळखपत्रही दाखवावे लागते, म्हणजे प्रत्येक माणूस आपापला पुरावा हातात घेऊनच आत जातो. ही दुसरी बाजू मात्र आमच्या ध्यानात राहिली नाही.

गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसने दुपारी निघालो आणि सकाळी दादरला उतरलो. मुक्काम दादरलाच होता. मुंबईत एक अडचण सुरुवातीलाच कळली. लोकल, बस, मेट्रो, घारापुरीची होडी, लेणी आणि संग्रहालय हे सगळे एकाच पासात बसत नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी 'मुंबई वन' नावाचे ॲप सुरू झाले. त्यात अकरा सार्वजनिक वाहतूक सेवांची तिकिटे एका जागी काढता येतात. सोय चांगली आहे, पण ते वाहतुकीचे ॲप आहे, प्रेक्षणीय स्थळांचा पास नव्हे. शिवाय 'मुंबई १' नावाचे एक प्लॅस्टिकचे कार्डही आहे. नावे इतकी सारखी, की आमच्यातले दोघे कार्ड शोधत होते आणि दोघे ॲप. सकाळचा अर्धा तास त्यातच गेला. तेव्हा यंदा आधी नीट ठरवा, की कुणी 'मुंबई वन' म्हणाले तर कार्ड समजायचे की ॲप.

आता दुसऱ्या दिवसाची गोष्ट. दादरहून सीएसएमटीला जायचे होते. लोकलची तिकिटे आम्ही निघण्यापूर्वी मुक्कामावरच मोबाइलवर काढली. रेल्वेचा नियमही तसाच आहे. स्टेशनात शिरल्यावर कागदाविना तिकीट सहसा निघत नाही, फोनचा ठावठिकाणा पाहून ॲप नकार देते. ते आम्हाला ठाऊक होते म्हणून आमची मान ताठ होती. एकोणीस जणांची तिकिटे दोन फोनवर होती आणि दोन्ही फोन समितीच्या खिशात.

गाडी आली, गर्दी लोटली आणि पंधरा जण आत चढले. फलाटावर चौघे राहिले. काकू, त्यांचे दीर, एक मावशी आणि नऊ वर्षांचा नातू. गाडी सुटली. आम्ही आतून हातवारे केले, मग फोन केला, "तिथेच थांबा, आम्ही परततो." त्यांचे तिकीट ज्या फोनमध्ये होते तो फोन मात्र परळच्या दिशेने निघालेला.

नातवाला तहान लागली म्हणून ते पुलाजवळच्या पाण्याच्या नळाकडे गेले. तिथे तिकीट तपासनीस उभे होते. काकूंनी सांगितले, "तिकीट आहे, पुतण्याच्या मोबाइलमध्ये आहे." आम्ही घाईघाईने मावशींच्या मोबाइलवर तिकिटाचा स्क्रीनशॉट पाठवला. स्क्रीनशॉट चालत नाही, ॲपमधलेच तिकीट दाखवावे लागते. तपासनीस उद्धट नव्हते. त्यांच्यासमोर तपासायला काही नव्हतेच. नियमाप्रमाणे भाड्यावर किमान अडीचशे रुपये दंड होतो. तिघा मोठ्यांच्या पावत्या फाटल्या. काकूंनी कमरेच्या बटव्यातून पैसे मोजून दिले.

आम्ही पाऊण तासाने परतलो. पैसे लगेच परत करू म्हटले, तर त्यांनी हात मागे घेतला. दुपारभर त्या फारसे बोलल्या नाहीत. संध्याकाळी जेवताना एवढेच म्हणाल्या, "चाळीस वर्षं पोरांना सांगत आले, फुकट प्रवास करू नये. आज चारचौघांत मी तशी दिसले का रे?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

त्या रात्री आम्ही चौघे बसलो. दंड साडेसातशे आणि वर भाडे. पण बोच पैशांची नव्हती. आम्ही सोयीचा हिशेब केला तो फक्त स्वतःच्या सोयीचा. सगळ्यांची तिकिटे आमच्या खिशात ठेवली, म्हणजे सगळ्यांचा मानही आमच्याच खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उलट टोकाला गेलो. मुंबईच्या लोकलसाठी पर्यटक तिकीट मिळते. एक, तीन किंवा पाच दिवसांचे, त्या मुदतीत कितीही वेळा चढा-उतरा. पश्चिम, मध्य आणि हार्बर या मार्गांवर ते चालते. आम्ही खिडकीवर उभे राहून प्रत्येकाचे वेगळे, तीन दिवसांचे कागदी तिकीट घेतले. चाळीस मिनिटे रांगेत गेली. काकूंनी आपले तिकीट पोथीत ठेवावे तसे पर्समध्ये जपून ठेवले आणि पहिल्यांदा हसल्या.

पण कागदही निर्दोष नाही, हेही सांगितले पाहिजे. नातू जुहूच्या पाण्यात खेळला आणि विजारीच्या खिशात त्याच्या तिकिटाचा लगदा झाला. त्याचे तिकीट पुन्हा विकत घ्यावे लागले. फोन बंद पडला तर चार्ज करून पुन्हा उघडता येतो, कागदाचे तसे नाही. दुसरे म्हणजे तीन दिवसांचा पास घेतला, पण एक अख्खा दिवस आम्ही फोर्ट भागात पायीच फिरलो. सीएसएमटीची इमारत २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथून हुतात्मा चौक, १९२२ साली लोकांसाठी खुले झालेले आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, मग गेटवे, हे सारे चालत होते. त्या दिवशीच्या पासाचे पैसे वायाच गेले. पास घ्यायच्या आधी कागदावर मांडा, की आज किती वेळा गाडीत बसणार. दोनदाच बसणार असाल तर साधे तिकीट बरे.

घारापुरीला मात्र मोबाइलने लाज राखली. लेण्यांचे भारतीय प्रवाशांसाठी तिकीट खिडकीवर ४० रुपये आणि ऑनलाइन ३५. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. आम्ही आदल्या रात्री ऑनलाइन काढले, क्यूआर कोडची छापील प्रत प्रत्येकाच्या हातात दिली आणि रांग टळली. पण होडीचे तिकीट वेगळे, ते गेटवेजवळच्या खिडकीवर घेतले. ते आधी घेण्यात शहाणपण नाही, कारण समुद्र खवळला की होड्या थांबतात. शिवाय वर जायला शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. आमच्यातल्या दोघांनी गुडघ्यांमुळे खालीच बसायचे ठरवले आणि त्यांची लेण्यांची तिकिटे तशीच राहिली. आधी विचारले असते तर ती काढावीच लागली नसती. लेणी सोमवारी बंद असतात, हेही लिहून ठेवा.

आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशात आहेत, त्यांच्याकडे जाणे-येणे असते. तिथेही प्रश्न हाच आहे. लंडनमध्ये २००३ पासून ऑयस्टर कार्ड आहे, आणि बँकेचे कार्ड किंवा फोन टेकवूनही प्रवास होतो. पण एका कार्डावर एकच माणूस. सकाळी प्लॅस्टिकचे कार्ड टेकवले आणि संध्याकाळी त्याच खात्याचा फोन, तर यंत्र ती दोन वेगळी कार्डे समजते आणि दिवसाच्या भाड्याची जी कमाल मर्यादा असते तिचा फायदा मिळत नाही. न्यूयॉर्कने तर ३१ डिसेंबर २०२५ नंतर आपले जुने मेट्रोकार्ड विकणेच बंद केले. म्हणजे कागद किंवा कार्ड कायम राहीलच असे धरून चालता येणार नाही. आपल्या ज्येष्ठांनी हे हळूहळू शिकून घ्यावे, आणि शिकवायची जबाबदारी आम्हा मधल्या पिढीची.

आपल्या देशातही १ जुलै २०२५ पासून 'रेलवन' हे ॲप आले आहे. आरक्षित आणि अनारक्षित अशी दोन्ही तिकिटे त्यात निघतात. मेट्रो आणि बससाठी राष्ट्रीय कॉमन मोबिलिटी कार्ड हा मधला मार्ग आहे. पैसे कार्डातच साठवलेले असतात, त्यामुळे फोन, बॅटरी किंवा रेंज लागत नाही, आणि कार्ड ज्याचे त्याच्या हातात राहते. जमिनीखालच्या मेट्रोत रेंज गेली आणि क्यूआर उघडेना, ही पाळी कार्डावर येत नाही.

तेव्हा यंदाच्या सहलीसाठी समितीने असे ठरवले आहे.

जिथे तारीख आणि जागा मोजक्या, तिथे ऑनलाइन आणि आधी. रेल्वेचे आरक्षण आणि लेणी यात येतात. प्रत्येकाकडे त्याची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र असेल.

जिथे गर्दीत चढ-उतार आहे, तिथे प्रत्येकाचे स्वतंत्र तिकीट किंवा कार्ड. खिडकीवर चौघांचे मिळून एकच तिकीट घ्यायचे नाही, वेगवेगळी मागायची. ज्यांना मोबाइलवर हवे, त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर काढावे. दुसऱ्याच्या मोबाइलवर कुणाचेही तिकीट राहणार नाही.

जे हवामानावर आणि गुडघ्यांवर अवलंबून, ते आयत्या वेळी खिडकीवर. मुलांची कागदी तिकिटे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात.

आणि शेवटचे. निघण्यापूर्वीच्या दोन रविवारी याच सभागृहात मोबाइलचे वर्ग होतील. ज्यांना तिकीट काढायला शिकायचे आहे त्यांनी यावे. वर्गाची जबाबदारी कुणी घ्यायची हे आम्ही विचारले, तेव्हा काकूंनी हात वर केला. त्या गेल्या चार महिन्यांत नातवाकडून सगळे शिकल्या आहेत. मात्र त्यांनी एक अट घातली आहे. वर्गात पहिल्या बाकावर सहल समितीचे चौघे बसतील.

आम्ही अट मान्य केली आहे. त्यांचे मागच्या वर्षीचे ते पैसे आम्ही आणले होते, ते त्यांनी या वर्गाच्या खर्चाला लावायला सांगितले.

गणपती बाप्पा मोरया!