मॉरिस नर्तकांचें वर्ष

१८९९ सालच्या डिसेंबर महिन्याची २६ तारीख. ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन येथें एका घरापुढें पांढऱ्या पोषाखांतील कांहीं पुरुष येऊन उभे राहिले. त्यांच्या नडग्यांवर घुंगरांचे पट्टे होते. काँसर्टिना, म्हणजे दोन्ही हातांनीं ओढण्यादाबण्याचें लहानसें भात्याचें वाद्य, वाजूं लागलें आणि सहाजण दोन रांगा करून नाचूं लागले. त्या घरीं उतरलेला सेसिल शार्प हा संगीतशिक्षक तें पाहत होता. हा मॉरिस नाच वास्तविक व्हिटसनचा, ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारीं येणाऱ्या सणाचा. मग ऐन नाताळांत तो कां? नर्तकांनीं ओशाळून कारण सांगितलें: थंडीनें बांधकामें बंद पडलीं होतीं, चार पैसे मिळतील म्हणून ते निघाले होते.

वाद्य वाजविणारा विल्यम किंबर हा गवंडी. दुसऱ्या दिवशीं शार्पनें त्याच्याकडून चाली उतरवून घेतल्या. मरणपंथास लागलेल्या ह्या नाचाच्या पुनरुज्जीवनाची हकीकत येथून सांगतात. तींतील भुकेचा उल्लेख मात्र ओझरता असतो.

पुढें १९०५ सालीं मेरी नील ह्या बाईंनीं लंडनमधील शिवणकाम करणाऱ्या मुलींस हा नाच शिकविण्यासाठीं किंबरलाच बोलाविलें. त्या मुली इतक्या तयार झाल्या कीं, इतरांस शिकविण्यास गांवोगांव जाऊं लागल्या. मग १९१६ सालच्या रणांगणावर शार्पच्या प्रदर्शन-पथकांतील चार तरुण पडले. संगीतकार जॉर्ज बटरवर्थ त्यांतलाच. आणि १९३४ सालीं ‘मॉरिस रिंग’ हा पथकांचा संघ स्थापन झाला तो केवळ पुरुषांचा! ज्या मुलींनीं नाच पसरविला त्यांच्या लेकीनातींस ह्या संघाचें दार २०१८ सालापर्यंत बंद राहिलें. परंपरेच्या नांवाखालीं स्मरणशक्ति किती आखूड होते पाहा.

आतां पथकाचें वर्षभराचें हिंडणें श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें. हिवाळाभर एखाद्या सभागृहांत तालीम चालते. शिकविणारा तो फोरमन, पुढारी तो स्क्वायर, आणि चिटणीस तो बॅगमन. उडी एका क्षणीं सुटली पाहिजे, रुमाल एकदम वर गेले पाहिजेत. टिपऱ्यांच्या नाचांत चुकलें तर बोटें फुटतात. पाहणाऱ्यास जें गंमतीचें दिसतें, त्यापाठीं हा घाम असतो.

१ मे रोजीं पहांटे सहा वाजतां ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजच्या मनोऱ्यावरून गायकवृंद गातो. खालीं रस्त्यांत गर्दी दाटलेली असते, आणि गाणें संपतांच घुंगरें वाजूं लागतात. मेअखेरच्या सोमवारीं बॅम्पटन गांवीं एकाहून अधिक पथकें घरोघरच्या बागांतून नाचत फिरतात. त्यांच्यांत चुरस असते, आणि गांवकरी तिची चर्चा चवीनें करतात. नंतर उन्हाळ्यांतल्या संध्याकाळीं, खेड्यांतील पबांच्या अंगणांत. येथें कधीं पाऊस येतो, कधीं पाहणारे पांचच असतात. तरी विदूषक टोपी फिरवितोच.

सप्टेंबरांत ॲबट्स ब्रॉम्ली गांवीं शिंगांचा नाच होतो. शुद्ध मॉरिसमध्यें तो बसत नाहीं असें जाणते म्हणतील, म्हणोत. सहाजण रेनडिअरच्या शिंगांच्या जोड्या घेऊन सकाळपासून सांजेपर्यंत शेतांतून, घरांपुढून नाचत जातात. एका शिंगाची परीक्षा केली तेव्हां तें अकराव्या शतकाच्या सुमाराचें ठरलें. एरवीं हीं शिंगें चर्चमध्यें टांगलेलीं असतात. ओझें खांद्यास काचतें, चाल संथ असते; उड्या नाहींत, आरोळ्या नाहींत. इतर नाच पाहतांना लोक हंसतात. हा पाहतांना बहुधा गप्प होतात.

मग पुन्हां तालीम आणि पुन्हां नाताळ. हेडिंग्टन क्वॉरीचे नर्तक २६ डिसेंबरला अजून बाहेर पडतात. किंबर १९६१ सालीं त्याच तारखेस वारला.